दीक्षा गुरूची, पंगत घराची

कोलकात्याच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठाला लागून बागबाजार ही जुनी वस्ती आहे. तिथल्या एका गल्लीचं नाव 'मराठा डिच लेन'. नाव आपलं असलं तरी ते कौतुकाने दिलेलं नाही. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये उतरले आणि कोलकात्याची झोप उडाली. रहिवाशांनी ईस्ट इंडिया कंपनीकडून परवानगी काढली आणि शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाले. मराठे काही तिथवर पोचले नाहीत, म्हणून उरलेलं काम तसंच राहिलं. पुढे खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावर रस्ता झाला.

बाहेरच्याला बाहेर ठेवण्याची तजवीज प्रत्येक गट करतो. जात, मठ, तालीम, पक्ष, क्लब, कॉलेजचं वसतिगृह, गृहनिर्माण सोसायटी, कोणीच त्याला अपवाद नाही. तरीही बाहेरची माणसं आत येतात. त्यांना आत घेताना कुठे मंत्र देतात, कुठे शपथ घालतात, कुठे नुसता छळ करतात. या सगळ्या खटाटोपातून नेमकं काय साधतं? आणि तो पार पडला की माणूस खरोखर आतला होतो का?

हे पाहायला बागबाजारइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. एकोणिसावं शतक संपताना आणि विसावं सुरू होताना, पायी दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत इथे नाना तऱ्हेची माणसं नाना तऱ्हांनी आत घेतली गेली. त्यांत आयर्लंडची एक शिक्षिका होती, दारू न सुटलेला एक नाटककार होता आणि बाँबच्या खटल्यातून सुटलेले दोन तरुणही होते.

तीन पायऱ्या

आधी थोडं शास्त्र. 1909 मध्ये आर्नल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने फ्रेंच भाषेत संक्रमणविधींवर एक ग्रंथ लिहिला. जन्म, वयात येणं, लग्न, दीक्षा, मृत्यू अशा प्रसंगांचे जगभरचे विधी त्याने शेजारी शेजारी मांडले आणि त्या सगळ्यांत तीन पायऱ्या दाखवून दिल्या. पहिली, माणसाला जुन्या जागेपासून तोडणं. दुसरी, त्याला काही काळ मधल्या अवस्थेत ठेवणं. तिसरी, नव्या जागी सामावून घेणं. समाज म्हणजे अनेक खोल्यांचं घर आणि हे विधी म्हणजे त्या खोल्यांचे उंबरे, अशी त्याची मांडणी होती.

आपल्याला यासाठी लांब जायला नको, मुंज आठवली तरी पुरे. मातृभोजनात मुलगा आईच्या ताटात शेवटचा जेवतो. ही झाली तोडण्याची पायरी. मग केस उतरतात, लंगोटी, मेखला, हातात दंड येतो आणि तो बटू होतो, म्हणजे ना धड आईचं बाळ, ना धड घरचा कर्ता. ही मधली पायरी. मग मंत्र मिळतो, भिक्षावळ होते आणि तो गुरूच्या घरचा विद्यार्थी ठरतो. विद्या संपली की सोडमुंज. पूर्वी मुंज आणि सोडमुंज यांच्यामध्ये वर्षानुवर्षांचं गुरुगृह असे. आता मधलं ते गुरुगृहच गेलं आहे आणि दोन्ही टोकांचे विधी तेवढे उरले आहेत.

पुढे व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने मधल्या पायरीवर विशेष काम केलं. उंबऱ्यावरच्या माणसांचे मानमरातब गळून पडतात आणि त्यांच्यात एक वेगळीच बरोबरी येते, असं त्याचं म्हणणं. तीर्थयात्रांचा विचार करताना त्याने पंढरीच्या वारीचाही आधार घेतला आणि त्यासाठी इरावती कर्वे यांचं लेखन वापरलं. गंमत अशी, की इरावतीबाईंनी आपल्या 'वाटचाल' या लेखात वारीतल्या बरोबरीच्या जोडीने तिची मर्यादाही टिपली होती. एकाच दिंडीत एकत्र चालणारे, एकत्र गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसत. भजन एक आणि चुली दोन. बाईंना ते सलत राहिलं.

ती सल इथे लक्षात ठेवायला हवी. तिसरी पायरी, म्हणजे सामावून घेणं, विधीच्या शेवटी आपोआप घडते असं पुस्तकं वाचून वाटतं. प्रत्यक्षात ती सगळ्यात अवघड असते आणि बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दाराशी अडते.

आधी पंगत, मग दीक्षा

मार्गारेट एलिझाबेथ नोबल यांचा जन्म 28 ऑक्टोबर 1867 चा, आयर्लंडमधल्या डंगॅनन गावचा. लंडनमध्ये शिक्षिका म्हणून त्यांचं नाव झालं होतं. 1895 च्या नोव्हेंबरात तिथेच त्यांनी स्वामी विवेकानंदांना पहिल्यांदा ऐकलं. भारतात येऊन स्त्रीशिक्षणाचं काम करायचं त्यांच्या मनाने घेतलं, तेव्हा विवेकानंदांनी त्यांना भुलवलं नाही. 1897 च्या जुलैमध्ये अल्मोड्याहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचणींची यादीच दिली: इथलं ऊन, दारिद्र्य, शिवाशिव, इथले लोक संशयाने पाहतील आणि गोरे लोक वेडी म्हणतील. त्याच पत्रात, तुम्ही काम करा वा न करा, मी मरेपर्यंत पाठीशी उभा राहीन, असा शब्दही दिला. प्रवेशाच्या अटी दोन्ही बाजूंनी मांडणारं इतकं प्रांजळ पत्र विरळा. पुढचे हाल आधी सांगितले आणि आपलं देणंही आधीच कबूल केलं.

28 जानेवारी 1898 रोजी मार्गारेट कोलकात्याला उतरल्या. त्यानंतरच्या दोन तारखा महत्त्वाच्या आहेत.

पहिली, 17 मार्च. त्या दिवशी मार्गारेट आणि विवेकानंदांच्या अमेरिकन अनुयायी सारा बुल व जोसेफिन मॅक्लाउड अशा तिघी बागबाजारात सारदादेवींना भेटायला गेल्या. सारदादेवी म्हणजे रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी. वय चव्वेचाळीस, जयरामबाटी या खेड्यातल्या ब्राह्मण घरात वाढलेल्या, विधवा, परपुरुषासमोर पदर चेहऱ्यावरून न हलवणाऱ्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या. त्यांनी या तिघींना मुली म्हणून जवळ घेतलं आणि त्यांच्याबरोबर बसून खाल्लं. विवेकानंदांनाही याची अपेक्षा नव्हती. गुरुबंधूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही बातमी नवलाने कळवली. मार्गारेटनी आपल्या रोजनिशीत तो दिवस सर्व दिवसांत श्रेष्ठ म्हणून नोंदवला.

या घटनेचं मोल कळायला पुण्याकडे पाहावं. 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी मान राखायला नुसता पेला हाती धरला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेलं. शेवटी लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्यानंतर पुरती आठ वर्षंही झाली नव्हती, तोच बागबाजारात एका खेडवळ ब्राह्मण विधवेने गोऱ्या बायकांबरोबर फराळ केला. कोणत्याही परिषदेचा ठराव तिच्या हाताशी नव्हता.

दुसरी तारीख 25 मार्च. गंगेपलीकडे बेलूरला नीलांबर मुखर्जींच्या बागेतल्या घरात तेव्हा मठ भरत असे. तिथे विवेकानंदांनी मार्गारेटकडून शिवाची पूजा करून घेतली, त्यांना ब्रह्मचर्याची दीक्षा दिली आणि 'निवेदिता' हे नाव दिलं. शेवटी बुद्धाच्या चरणी फुलं वाहायला लावली आणि पुन्हा पुन्हा इतरांसाठी देह झिजवणाऱ्या त्या महापुरुषाच्या वाटेने जायला सांगितलं. पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्या नैष्ठिक, म्हणजे आजन्म ब्रह्मचारिणी झाल्या. संन्यास मात्र त्यांना कधीच मिळाला नाही.

आता व्हान गेनेपच्या पायऱ्या लावून पाहा. सहभोजन ही खरं तर शेवटची पायरी. विधी उरकला, माणूस शुद्ध ठरला, मग पंक्तीला पान मांडलं, हा जगाचा क्रम. बागबाजारात पान आधी मांडलं गेलं आणि दीक्षा आठ दिवसांनी झाली. सारदादेवींनी पात्रता तपासायच्या आधी जवळ केलं. निवेदितांच्या पुढच्या आयुष्यावर या उलट्या क्रमाची छाप शेवटपर्यंत दिसते.

गल्लीची परीक्षा

गुरूने घेतलं, आईने घेतलं. गल्लीने अजून घेतलं नव्हतं. 1898 च्या नोव्हेंबरात निवेदिता बागबाजारातल्या बोसपाडा लेनमध्ये सारदादेवींच्या घरीच राहायला आल्या. त्या घरातल्या इतर बायका सनातनी वळणाच्या विधवा होत्या. एक परदेशी बाई घरात राहते म्हटल्यावर सारदादेवींच्या गावाकडच्या आप्तांनाही वाळीत पडण्याची भीती. हे उमगल्यावर निवेदितांनी काही दिवसांतच जवळ, 16 बोसपाडा लेनला घर घेतलं. आत घेतलं म्हणून यजमानाची अडचण न ओळखणं हा आतला होण्याचा मार्ग नव्हे, हे त्यांना कळत होतं. 13 नोव्हेंबरला, कालीपूजेच्या दिवशी, सारदादेवींच्या हस्ते त्याच घरात मुलींची शाळा सुरू झाली.

शाळा उघडणं सोपं होतं, मुली मिळवणं कठीण. ज्या घरांत आठव्या-नवव्या वर्षी मुलींची लग्नं ठरत, तिथे मेमसाहेबाच्या हाती मुलगी कोण सोपवणार? निवेदिता दारोदार फिरल्या. कुठे अंगणापर्यंत प्रवेश, कुठे ओसरीपर्यंत.

1899 च्या वसंतात प्लेग आला. रामकृष्ण मिशनने सेवापथक काढलं, निवेदिता त्याच्या कार्यवाह झाल्या आणि स्वामी सदानंद प्रत्यक्ष सफाई पाहू लागले. बागबाजारच्या गल्ल्या झाडायला माणसं मिळेनात, तेव्हा निवेदितांनी स्वतः झाडू उचलला. ते पाहून शरमलेली पोरं झाडू घेऊन पुढे आली. डॉक्टर राधागोविंद कर, ज्यांच्या नावाने पुढे कोलकात्यातलं आर. जी. कर मेडिकल कॉलेज ओळखलं जाऊ लागलं, त्यांनी एक आठवण नोंदवली आहे. बागबाजारच्या एका झोपडीत प्लेगने अखेरच्या घटका मोजणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन निवेदिता ओल्या कोंदट खोलीत बसल्या होत्या. डॉक्टरांनी धोका सांगूनही त्या तिथून हलल्या नाहीत.

पण गल्लीचा निकाल खऱ्या अर्थाने लागला तो 1903 मध्ये, आणि तो एका म्हातारीने दिला. अघोरमणीदेवींना सगळे 'गोपालेर माँ' म्हणत. बालविधवा ब्राह्मण बाई, सगळं आयुष्य गंगेकाठच्या एका खोलीत जपात गेलेलं, सोवळं इतकं कडक की स्वतःशिवाय कुणाच्या हातचं चालत नसे. वय झालं, अंथरूण धरलं, तेव्हा त्यांना निवेदितांच्या घरी आणलं. स्वयंपाकाला ब्राह्मण बाई ठेवली गेली, म्हणजे सोवळं अगदीच सुटलं नव्हतं. पण छप्पर निवेदितांचं, शुश्रूषा निवेदितांची. 8 जुलै 1906 ला त्या गेल्या, तोवर निवेदितांनी त्यांचं सगळं केलं.

ज्या बाईच्या सावलीनेही पाणी बाटेल असं लोक म्हणत, तिच्या घरी कडक सोवळ्याची म्हातारी शेवटची अडीच-तीन वर्षं राहिली. दीक्षेला एक सकाळ लागली होती. इथवर यायला पाच वर्षं गेली.

दारावरचा माणूस

23 मे 1909 रोजी सारदादेवी बागबाजारात त्यांच्यासाठी बांधलेल्या घरात राहायला आल्या. 'उद्बोधन' मासिकाची कचेरी खाली, माताजी वर. बंगाली लोक त्या वास्तूला 'मायेर बाडी' म्हणतात, आईचं घर. ते बांधायला रामकृष्णांचे शिष्य स्वामी सारदानंद यांनी कर्ज काढलं आणि ते फेडायला रामकृष्णांचं चरित्र लिहायला घेतलं. दारालगतच्या लहानशा खोलीत बसून ते लिहीत आणि स्वतःला आईचा दरवान म्हणवून घेत.

दरवानाचं काम अवघड. माताजींची तब्येत बरी नसली की भेटीला मज्जाव करावा लागे. अशाच एका दिवशी लांबून आलेला एक तरुण त्यांना ढकलून जिना चढून गेला, अशी आठवण सांगतात. उतरताना त्याला आपल्या वागण्याची लाज वाटली आणि त्याने क्षमा मागितली. सारदानंदांनी त्याला मिठी मारली आणि तळमळ असावी तर अशी, असं म्हणाले. नियम सांभाळणारा माणूस नियमापेक्षा मोठा असला की दार नीट चालतं. हे भाग्य सगळ्या संस्थांना लाभत नाही.

वर सारदादेवींकडे मंत्रदीक्षा मिळे. सगळा विधी काही मिनिटांचा. घराणं शाक्त की वैष्णव हे विचारून त्याप्रमाणे मंत्र द्यायचा, बोटांवर जप कसा मोजायचा ते दाखवायचं, की झालं. विष्णुपूर स्टेशनात एक हिंदुस्थानी हमाल त्यांना पाहून, आपली जानकीमाईच भेटली म्हणून रडायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला फूल आणायला सांगून तिथेच फलाटावर मंत्र दिला, असं त्यांच्या चरित्रांत आहे. तारासुंदरी आणि तिनकडी या रंगभूमीवरच्या नट्या, ज्यांना सभ्य घरांत उंबरा ओलांडू देत नसत, त्याही मायेर बाडीत येत.

याच वस्तीत गिरीशचंद्र घोषांचं घर आहे. पुढे रस्ता रुंद झाला तेव्हा तो या घराच्या दोन्ही अंगांनी नेला, म्हणून आज ते गिरीश अ‍ॅव्हेन्यूच्या मधोमध उभं दिसतं. गिरीशबाबू बंगाली रंगभूमीचे मोठे नाटककार आणि मोठे मद्यपी. रामकृष्णांनी त्यांना सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घ्यायला सांगितलं. मला तेवढंही पाळता येणार नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. मग रामकृष्णांनी सगळा भार माझ्यावर टाक म्हणून 'बकलमा' मागून घेतला, म्हणजे आजच्या भाषेत मुखत्यारपत्र. ना व्रत, ना नियम, ना परीक्षा. ऐकायला हे फार स्वस्त वाटतं. पण गिरीशबाबूंनीच पुढे सांगितलं की ते सगळ्यात महाग पडलं, कारण त्यानंतर 'मी करीन' असं म्हणायचीही सोय उरली नाही. आपल्याकडे तुळशीची माळ घालणाऱ्या वारकऱ्याला हे सहज कळेल. माळ घालायला पाच मिनिटं लागतात. एकादशी, वारी आणि शाकाहार ही तिची खरी किंमत, आणि ती जन्मभर हप्त्याने चुकती करायची असते.

इतक्या सैल वाटणाऱ्या या दाराची एक अट मात्र पक्की होती. राजकारण बाहेर ठेवायचं. 4 जुलै 1902 रोजी विवेकानंद गेले आणि त्याच महिन्यात निवेदिता मठापासून रीतसर वेगळ्या झाल्या. त्यांना देशाच्या स्वातंत्र्याचं काम करायचं होतं आणि त्याची झळ मठाला लागू द्यायची नव्हती. आपलं काम यापुढे मठाच्या अधिकाराखाली नाही, हे त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केलं. उलट, अलीपूर बाँब खटल्यातून 1909 मध्ये सुटलेले देवव्रत बसू आणि सचिंद्रनाथ सेन राजकारण सोडून आले, तेव्हा सारदानंदांनी त्यांना घेतलं. पोलिसांचा ससेमिरा मागे लागणार हे दिसत असताना घेतलं. 1916 मध्ये बंगालचे गव्हर्नर लॉर्ड कारमायकेल यांनी मिशनबद्दल जाहीर संशय व्यक्त केला, तेव्हाही घाबरून कुणाला बाहेर काढलं नाही. सारदानंदांनी सरकारदरबारी खुलासा करून किटाळ दूर केलं.

निवेदितांचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. संस्थेच्या यादीतून नाव गेलं, तरी सारदादेवींच्या घरची त्यांची जागा तसूभरही हलली नाही. माताजींची ती 'खुकी', म्हणजे लाडकी छोकरीच राहिली. शाळा तिथेच चालू राहिली आणि 13 ऑक्टोबर 1911 रोजी दार्जिलिंगला देह ठेवेपर्यंत त्या बागबाजारच्याच होत्या. यादीचा हिशोब वेगळा असतो आणि घराचा वेगळा.

या वस्तीतलं आणखी एक दार म्हणजे गौडीय मठ. त्याची बागबाजारातली भव्य वास्तू 1930 मध्ये उघडली. संस्थापक भक्तिसिद्धांत सरस्वती आधी हरिनाम देत आणि साधकाची निष्ठा पाहून नंतर मंत्रदीक्षा. दुसऱ्या दीक्षेबरोबर ते कोणत्याही जातीच्या शिष्याला जानवं घालत. जन्माने मिळणारी खूण दीक्षेने देता येते म्हटल्यावर सनातनी मंडळी खवळली. त्यांचा राग साहजिक होता, कारण त्यांच्या खंदकावर कुणीतरी पूल टाकला होता.

छळ की शपथ

काही गट दारातच माणसाला छळतात. त्याचा परिणाम होतो, हेही खरं. 1959 मध्ये एलियट अ‍ॅरनसन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका चर्चागटात शिरण्यासाठी काही विद्यार्थिनींना फार संकोच वाटेल असा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना सौम्य मजकूर दिला, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना त्या गटाची मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. जिने जास्त सोसलं होतं, तिला ती चर्चा जास्त चांगली वाटली. एवढं सोसलं ते फुकट गेलं, हे मनाला पटवून घेणं जड जातं. त्यापेक्षा गटच थोर आहे असं मानणं सोपं.

रॅगिंग टिकून राहतं ते याच कारणाने. गेल्या वर्षी ज्याने सोसलं तोच यंदा काठी उगारतो आणि त्याला परंपरा म्हणतो. महाराष्ट्राने 1999 मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला तो उगीच नाही. छळातून निपजते ती गटाची खोटी प्रतिष्ठा. जुने लोक नव्याला काहीही देणं लागत नाहीत, सगळी परीक्षा एकट्या नव्याची, इथेच अशा प्रवेशाचा खोटेपणा उघडा पडतो.

याच्या अगदी उलट नमुना पुण्यात आहे. 12 जून 1905 रोजी सकाळी फर्ग्युसन कॉलेजच्या मागच्या टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापला. आधी स्वतः शपथ घेतली, मग देवधर, द्रविड आणि पटवर्धन या तिघांना दिली. शपथा सात: देश आधी, स्वार्थासाठी काही मिळवायचं नाही, समाज देईल त्यात संसार भागवायचा, खाजगी आयुष्य शुद्ध ठेवायचं, कुणाशी वैयक्तिक भांडण करायचं नाही, वगैरे. त्यानंतर पाच वर्षांची उमेदवारी. निवेदितांशी गोखल्यांचा चांगला स्नेह होता, हेही इथे नोंदवण्यासारखं. बेलूर मठातही आज दाखल झालेल्या तरुणाला साधारण पाच वर्षांनी ब्रह्मचर्यदीक्षा आणि आणखी चारेक वर्षांनी संन्यास मिळतो. इतका काळ नव्याला तावून घ्यायला लागतो, तसाच नव्यालाही गट पारखायला मिळतो.

आणि महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची, नागपूरची. भदंत चंद्रमणींकडून बाबासाहेब आंबेडकरांनी आणि माईसाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि मग बाबासाहेबांनी स्वतः उभं राहून लाखोंच्या जनसमुदायाला ती दिली. सोबत बावीस प्रतिज्ञा. त्यांतल्या कितीतरी प्रतिज्ञा काय सोडायचं ते सांगणाऱ्या आहेत. व्हान गेनेपची पहिली पायरी इतकी स्पष्ट शब्दांत क्वचितच कुणी मांडली असेल. ज्यांना शतकानुशतकं पंक्तीबाहेर ठेवलं होतं, त्यांनी दुसऱ्याच्या पंक्तीत जागा मागायचं थांबवलं आणि स्वतःची पंगत मांडली. आत घेणाऱ्यांचा नकार ठाम असेल, तर हाही एक रस्ता आहे आणि तो स्वाभिमानाचा आहे.

निवेदितांना संन्यास मिळाला नाही, पण त्यांच्या शाळेत शिकलेली, सारदादेवींची शेवटच्या आजारात शुश्रूषा करणारी सरला ही बागबाजारची मुलगी पुढे प्रव्राजिका भारतीप्राणा झाली. 1954 मध्ये स्थापन झालेल्या श्रीसारदा मठाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. दीक्षा देण्याचा अधिकार आता त्या मठाच्या संन्यासिनींकडे आहे आणि निवेदितांची शाळाही त्यांच्याच संघाकडे आहे.

आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या दारावर बसलेले असतो. सोसायटीत नवं बिऱ्हाड येतं, कचेरीत नवा माणूस रुजू होतो, घरात दुसऱ्या जातीची किंवा दुसऱ्या प्रांताची सून येते, मंडळात नवा कार्यकर्ता येतो. आपण त्याच्या हाती आधी नियमांची यादी देतो, वर्षभर जोखतो आणि मग जमलं तर जेवायला बोलावतो. अटी जरूर असाव्यात, त्या आधीच स्वच्छ सांगाव्यात आणि आपल्याकडून काय मिळेल तेही त्याच दमात सांगावं. पण जेवायचं बोलावणं शेवटी ठेवू नये. पहिल्याच आठवड्यात पान मांडावं. ते मांडल्यावर माणूस नियम लवकर शिकतो आणि पुढे जास्त काळ टिकतो.